दोन दातांमधली जागा

हॉटेलात समोरच्या टेबलाशी बसलेला एक टायवाला अनोळखी माणूस तोंड उघडून हसला, आणि त्याच्याकडे बघत बसलेल्या एका कवळ्या बनवणाऱ्याच्या हातातला कॉफीचा कप जागच्या जागी थांबला. त्या माणसाच्या तोंडातले दात आपले होते. आपले म्हणजे आपण केलेले. वरची पूर्ण कवळी. दातांच्या मुळाशी हिरडीची कड किंचित वर वळवायची ही त्याची खोड. मेण ऊन असतानाच तो अंगठ्याच्या नखाने ते वळण देत असे, आणि लॅबमधल्या दुसऱ्या कुणाच्या हाताला ते कधी जमलं नव्हतं. म्हणजे शंकाच नको. वीसेक वर्षं तो दात करत होता आणि आज पहिल्यांदा त्यांतले काही त्याच्याकडे बघून हसत होते. त्याच्याकडे नव्हे, कुणाच्या तरी फालतू विनोदावर, पण हसत होते. त्यालाही हसू आलं. त्या माणसाचं लक्ष गेलं. "काय?" त्याने विचारलं. "काही नाही," हा म्हणाला. अनोळखी माणसाने आपल्याकडे बघून हसणं त्या शहरात चांगलं लक्षण समजत नसत. त्या माणसाने शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलून मांडीवर घेतली आणि तोंड मिटलं. दात आत गेले. याने कॉफी तशीच ठेवली आणि बाहेर पडला.

एवढंच झालं होतं. घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. "अहो, मग विचारायचंत ना, टोचत नाही ना म्हणून," ती म्हणाली. त्याला मात्र तो प्रसंग विसरता येईना. लॅब तळघरात होती. दवाखान्यांतून प्लॅस्टरचे साचे यायचे, साच्यावर नंबर असायचा, नंबरापुढे रंग लिहिलेला असायचा, आणि पुढे काम सुरू. तोंड कुणाचं, ते बाईचं की बाप्याचं, ते बोलकं की घुमं, हे विचारण्याची पद्धत नव्हती. त्याचे दात एकजात सरळ आणि पांढरेशुभ्र असत आणि मालक नव्या पोरांना ते नमुना म्हणून दाखवत असे. आता बसमध्ये, रांगेत, लिफ्टमध्ये तो लोकांच्या तोंडाकडे बघू लागला. कुणी जांभई दिली की याची मान आपोआप पुढे. आपण हजारो माणसांच्या तोंडात आहोत आणि आपल्याला ओळखणारं कुणी नाही, ही गोष्ट एकदा लक्षात आल्यावर डोक्यातून जाईना. आणि मग एके दिवशी लॅबचा फोन त्यानेच उचलला. पलीकडून एका लहान गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई तोंडाला येईल ते बोलत होत्या: काम उशिरा येतं, आलेलं बसत नाही, बसलं तर टिकत नाही, तुम्हाला माणसं दिसत नाहीत, नुसते नंबर दिसतात. "तुम्हीच या ना इकडे एकदा," शेवटी त्या चिडून म्हणाल्या. त्या रागाच्या भरात बोलल्या होत्या. त्याने ते आमंत्रण समजून स्वीकारलं. मालक म्हणाला, "चार दिवसांत परत येशील. खुर्ची ठेवतो मी तुझी, थंडी संपेपर्यंत." त्याने मान हलवली खरी, पण मनात तो केव्हाच निघाला होता.

गाव जुनं होतं आणि त्याचे दिवस फिरले होते. साबणाचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, तरी दमट हवेत भिंतींना अजून साबणाचा वास यायचा आणि पहिले काही दिवस त्याला वाटत राहिलं की शेजारी कुणीतरी सारखं आंघोळ करतं आहे. निम्मी दुकानं बंद होती. उघडी होती त्यांतली बरीच निव्वळ सवयीने उघडी होती. चौकातलं घड्याळ थांबलेलं. पोरंबाळं शिकून बाहेर गेलेली. मागे राहिलेल्यांमध्ये म्हातारे जास्त, आणि म्हातारे जास्त म्हणजे दात कमी, तेव्हा धंद्याच्या दृष्टीने गाव अगदी योग्य होतं. त्या दोघा नवराबायकोने भाड्याने घेतलेली जागा बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाच्या वर होती. दुकानाची पाटी तशीच होती, तिच्यावर एका लाल बुटाचं चित्र, टाच उन्हाने उडालेली. जिना इतका उभा की वर येणाऱ्याचं आधी धापा टाकणं ऐकू येई आणि मग डोकं दिसे. रस्त्याकडच्या खोलीत त्याने टेबल मांडलं, मेणाचा दिवा, कानशी, साचे, दातांचे डबे. मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे निजायची खोली, जिच्या खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसायची. बायको या सगळ्यात कधी मिसळली ते तिलाही कळलं नाही. कुठला नळ नुसती हवा सोडतो, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, भाजी बसस्टँडवरच का घ्यायची, हे तिला आल्या आल्या ठाऊक झालं. त्याला मात्र लोक "नवीन कवळीवाले" म्हणत. जुना कवळीवाला गावात कधीच नव्हता, पण हा नवीन तो नवीनच.

आणि तरी त्याला हवं होतं तेच इथे मिळत होतं, अगदी अंगावर येईल इतकं. शहरात दात एकदा गेले की गेले. इथे ते रोज समोर यायचे. पोस्टात तिकिटं घ्यायला जावं तर खिडकीपलीकडचे पोस्टमास्तर बोलता बोलता खालची कवळी काढून हातावर ठेवत आणि म्हणत, "हे बघा, इथे, हा कोपरा." रस्त्यात आजीबाई गाठत. "तुम्हीच ना ते? दुखतंय हो." आणि भर चौकात तोंडाचा आ. मग वरच्या खिशात एक बारीक कानस ठेवायची त्याला सवयच लागली, जागच्या जागी दोन हात मारायचे, रुमालाने पुसायचं, बसवायचं, "आता?" आणि त्या म्हणणार, "हां, आता बरं." एवढ्या बारीकशा "बरं"ने त्याचा दिवस चांगला जायचा. पण सगळेच रस्त्यात गाठत नव्हते. काही जण गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे जात, रुमालात गुंडाळलेली कवळी टेबलावर ठेवत आणि खाली मान घालून सांगत, की टोचत बिचत काही नाही, पण नको. का नको, ते त्यांना सांगता येत नसे. त्याने प्रत्येक परत आलेली कवळी भिंगाखाली धरून बघितली. कुठेही खोट नव्हती. "तुमचं काम उत्तम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण लोक परत आणतायत. असंच चाललं तर मला पुन्हा शहराकडे काम पाठवावं लागेल. तिकडचं वाईट असतं, पण निदान शिव्या घालायला माणूस लांब असतो." त्या कधी गोड बोलत नसत, म्हणून त्याला त्यांचा विश्वास वाटे. रात्रीच्या जेवणाला बसताना बायको सहज म्हणाली, "एक बघितलंत का? गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या आता सख्ख्या बहिणी दिसायला लागल्यात." त्याने ताटावरून वर बघितलं नाही. सरळ दात वाईट कसे असतील, एवढंच त्याला कळत नव्हतं.

सुटणारबाई त्याच्याकडे आल्या त्या सगळ्यांच्या नंतर. बसस्टँडवर काचेच्या खोलीत बसून त्या गाड्यांची घोषणा करत. 'सुटणार' हा शब्द दिवसभर त्यांच्या तोंडी, म्हणून सगळं गाव त्यांना सुटणारबाई म्हणे, आणि त्यांना ते आवडे. त्यांच्या समोरच्या दोन दातांमध्ये जन्मापासून मोकळी जागा होती. तिच्यातून प्रत्येक 'स' बाहेर पडताना एक बारीक शीळ वाजे आणि ती कर्ण्यातून पार कारखान्याच्या फाटकापर्यंत जाई. हे त्याला लोकांनी सांगितलं. त्याने ती शीळ ऐकलेली नव्हती, कारण तो आला त्याच आठवड्यात त्यांचे उरलेसुरले दात डॉक्टरीणबाईंनी काढले आणि बाई रजेवर गेल्या; तेव्हापासून कंट्रोलर स्वतः फलाटावर फिरून ओरडत होता आणि सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. बाई खुर्चीत बसल्या आणि हिरड्यांवर पदर धरून म्हणाल्या, "मला सरळ दात करा. एकदा तरी सरळ." शाळेत पोरी चिडवत, लग्नात फोटो काढणारा म्हणाला होता, ताई, तोंड मिटून हसा, आणि तेव्हापासून त्या एकाही फोटोत तोंड उघडून हसल्या नव्हत्या. त्याचा जीव कामात ओतला गेला. असे दात त्याने आयुष्यात केले नव्हते. आरसा हातात दिला तेव्हा बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यालाही भरून आलं. त्याला वाटलं, हे हसू मी समोर बसून बघितलं. आता शहरातला तो टायवाला माणूस गेला उडत.

बाई कामावर रुजू झाल्या त्या सकाळी तो मुद्दाम स्टँडवर गेला. बाकांवर माणसं बसली होती, टोपल्या, पिशव्या, एक शिवणयंत्र बांधून आणलेलं. कर्णा खरखरला. शहराला जाणारी गाडी सुटणार आहे, असा एक स्वच्छ, गुळगुळीत आवाज आला. कुणी हललं नाही. आवाजाने पुन्हा सांगितलं. "रेडिओ लावलाय का कुणी?" एका म्हाताऱ्याने विचारलं. गाडी भरायची सोडून ड्रायव्हरही कान टवकारून बसला आणि मग वेळ झाली म्हणून रिकामीच घेऊन गेला. पुढची गाडीही तशीच गेली. मग कुणीतरी म्हणालं, "अरे, मशीन बसवलं! बाईंना काढलं यांनी!" आणि बघता बघता सगळा स्टँड उठून कंट्रोलरच्या खोलीवर गेला. पोस्टमास्तर, भाजीवाल्या, शिवणयंत्रवाला, सगळे. रजेवर गेलेल्या बाईमाणसाला नोकरीवरून काढता, लाज नाही वाटत? इतकी वर्षं गावाने ज्यांच्या आवाजावर उठबस केली त्यांना असं वागवता? मागे एकेक गाडी रिकामी सुटत होती आणि लोक ज्यांच्यासाठी भांडत होते त्या बाई काचेआडून गुळगुळीत आवाजात सांगत होत्या, "अहो, मीच आहे. मीच." शेवटी त्या बाहेर आल्या. लोकांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मग हळूहळू, एकेक करून, वळून त्याच्याकडे बघितलं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत होते, आपल्या घरातली वस्तू पाहुण्याने फोडली की बघतात तसे.

त्या दुपारी त्याने मालकाला फोन केला. "सांगितलं नव्हतं?" मालक म्हणाला. "सोमवारी ये. खुर्ची तशीच आहे." बायकोला सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. ती पुसत राहिली. "जाऊन या," ती म्हणाली. "जाऊन या म्हणजे?" "म्हणजे जा आणि या. मी इथेच आहे. मला त्या शहरात परत कोंडून घ्यायचं नाही. तिथे मी मेले असते तर वासावरून कळलं असतं लोकांना. इथे मी भाजीला गेले नाही तर दुपारच्या आत चौकशीला येतात." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो रस्त्याकडच्या खोलीत जाऊन बसला. त्याला वाटत होतं, आपला हात इतका चांगला आणि या हाताने बघा काय केलं: एक आख्खा माणूस पुसून टाकला. साचा बघून दात करायला आपण शिकलो, पण साचा म्हणजे मिटलेलं तोंड. तोंड बोलतं, खातं, भांडतं, शीळ वाजवतं, ते प्लॅस्टरमध्ये कुठून येणार? पोस्टमास्तरांचा एक दात दुसऱ्यावर चढलेला असेल, त्या आजीबाईंचा सुळा बाहेर डोकावत असेल, आणि त्यांच्या माणसांनी त्यावरूनच त्यांना दुरून ओळखलं असेल. आपण सगळ्यांना एकच तोंड वाटत सुटलो. त्याला स्वतःचा मनापासून राग आला, आणि रागाबरोबर एक विचित्र हुशारीही वाटली, की निदान आता कुठे दुखतंय ते सापडलं.

रविवारी जिन्यावर धापा टाकणं ऐकू आलं आणि सुटणारबाईंचं डोकं दिसलं. त्या सरळ खुर्चीत बसल्या. "मला हे दात आवडतात हो," त्या म्हणाल्या. "आरशात बघते तेव्हा अजून छान वाटतं. पण काल शेजारच्या बाईने हाक मारली, मी ओ दिली, तर ती म्हणाली, पाहुणी आलीय का घरात? मला तेवढ्यानेच रडू फुटलं. आपल्याच घरात पाहुणी! करा काहीतरी. मला माझी जागा परत द्या." त्याने विचारलं, "किती होती?" ते त्यांना कुठे ठाऊक असणार? एकही फोटो नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दात काढले होते, मोजले नव्हते. जागा जास्त झाली तर नुसती हवा जाईल, कमी झाली तर काहीच वाजणार नाही, आणि त्याने तर तो आवाज कधी ऐकलेलाच नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मी ऐकलाय. आलो त्याच आठवड्यात. दात काढायच्या आधी शेवटचे दोन दिवस त्या होत्या ना कामावर! मी तिथेच भाजी घेत होते." त्याने तिच्याकडे बघितलं. आलो त्याच आठवड्यात तो साचे लावण्यात गुंग होता आणि खिडकी लावून बसला होता.

मग सगळी दुपार त्यात गेली. त्याने कवळी हातात घेतली आणि ज्या दोन दातांचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता त्यांच्या मधोमध कानस घातली. पहिला हात मारताना त्याचे स्वतःचे दात शिवशिवले. घासायचं, धुवायचं, बसवायचं. "म्हणा." "सुटणार." बायको आतून म्हणे, "छे." पुन्हा घासायचं. "सुटणार, सुटणार." "अजून नाही. आत्ता गॅसवर दूध तापतंय तसं वाटतंय." बाई हसल्या, त्यालाही हसू आलं, आणि त्या हसण्यात त्याने बघितलं, की बाईंचा वरचा ओठ उजवीकडे जरा जास्त उचलतो, म्हणजे हवा तिकडून जाते, म्हणजे उजव्या दाताची आतली कड थोडी तिरकी हवी. हे साच्यात कधीच दिसलं नसतं. त्याने कानस तिरकी धरली. घासायचं काम आता बोटं आपणहून करत होती आणि त्याला कसलीही शंका नव्हती. कितीतरी वर्षांनी त्याला आपल्या हाताचं कौतुक वाटलं नाही, नुसता आनंद झाला. बाईंनी कवळी बसवली, पाण्याचा घोट घेतला, आणि सवयीने खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "शहराला जाणारी गाडी सुटणार, सुटणार..." बारीक, धारदार शीळ खोलीभर फिरली आणि खिडकीतून बाहेर गेली. स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. पण बायको काही बोलायच्या आत खाली रस्त्यावरून चाललेला एक माणूस दचकून थांबला, "अरे, आज गाडी लवकर?" असं स्वतःशीच ओरडला आणि पिशवी छातीशी धरून स्टँडच्या दिशेने पळत सुटला. तिघंही खिडकीत आली. तो कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत ती तिघं हसत होती. बाई तोंडावर हात न ठेवता हसत होत्या.

सोमवारी सकाळी तरी तो निघालाच. मालकाला शब्द दिला होता. एक काम जमलं म्हणजे गाव आपलं झालं असं होत नाही, असं त्याने बायकोला समजावलं. तिने डोकं हलवून डबा दिला आणि जिन्यापर्यंतसुद्धा आली नाही, जणू तो पोस्टात चालला होता. स्टँडवर तो बाकावर बसला, बॅग पायाशी. सकाळची थंडी होती, ऊन नुकतंच फलाटाच्या कडेला लागलं होतं. माणसं आज जरा गप्प होती. काचेच्या खोलीत बाई येऊन बसल्या. कर्णा खरखरला. "शहराला जाणारी गाडी सुटणार, सुटणार..." आणि आख्खा स्टँड एकदम उठला. टोपल्या उचलल्या गेल्या, कुणी कुणाला हाक मारली, शिवणयंत्र आज कुणीतरी गाडीच्या टपावर चढवत होतं, "आल्या गं बाई, आल्या आपल्या सुटणारबाई," अशी एक भाजीवाली दुसरीला मोठ्याने सांगत होती. तो ऐकत होता. खोलीत वाजलेली शीळ वेगळी आणि ही वेगळी. ही छपराला लागून परत येत होती, फाटकापर्यंत जात होती. उजव्या कडेला त्याने दिलेला तिरकेपणा त्याला त्या आवाजात अगदी स्पष्ट ऐकू येत होता. एकेक 'स' तो ओळखत होता. पुढची घोषणा कोणती येते, तिच्यात 'स' किती, याची तो वाट बघत राहिला. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. मग कर्णा पुन्हा खरखरला आणि बाई म्हणाल्या, "शहराच्या गाडीचे प्रवासी, आपले कवळीवाले, जागेवरच बसलेत. गाडी सुटली."

स्टँडभर हशा पिकला. तो भानावर आला. समोर फलाट रिकामा होता, धूर तेवढा राहिला होता. लोक त्याच्याकडे बघून तोंड उघडून हसत होते, पोस्टमास्तर, भाजीवाल्या, दुसऱ्या गाडीसाठी थांबलेल्या आजीबाई. त्यांतले कितीतरी दात आपले आहेत हे त्याला दिसत होतं, सगळे एकसारखे, सगळे पुन्हा करावे लागणारे, आणि जन्मभर पुरेल एवढं काम ते. त्यालाही हसू आलं. या वेळी कुणी बॅग मांडीवर घेतली नाही. शेजारच्या आजीबाई उलट जवळ सरकल्या, आडोशाला वळून त्यांनी खालची कवळी काढली आणि त्याच्या पुढ्यात धरली.

"राहिलात ते बरं झालं," बोळक्या तोंडाने त्या म्हणाल्या. "इथे जरा टोचतंय. आणि माझा एक दात पूर्वी वाकडा होता बघा, डावीकडचा."

शहराला जायचं म्हणून त्याने धुतलेला शर्ट घातला होता. वरच्या खिशात कानस होती.

"कसा वाकडा?" त्याने विचारलं. "जरा हसून दाखवा."